थोरल्या काकांचा हिवताप

माझ्या थोरल्या काकांइतका वयाचा तोरा मिरवणारा माणूस निजामाच्या अख्ख्या मुलखात झाला नसेल. वाद कशाचाही असो, ते आधी समोरच्याचं वय विचारत. ते त्यांच्याहून कमी निघालं की वाद संपला. एकदा बीडच्या बाजारात बैलाच्या दातांवरून जुंपली, तेव्हा बैल सोडून त्यांनी व्यापाऱ्याचंच वय काढलं. पंगतीत पहिलं तूप, आंघोळीचं पहिलं पाणी, सगळं थोरल्यापासून. औषध मात्र धाकट्यांना, कारण आजारी पडणं हा त्यांच्या मते पोरासोरांचा उद्योग.

वडिलांना तहसील कचेरीत कारकुनी मिळाली आणि आम्ही पाटोद्याचा डोंगर सोडून सिंदफणेच्या काठी राहायला आलो. डोंगरावर आम्हाला हिवताप ठाऊक नव्हता. इथे पावसाळा सरला न सरला तोच मी आणि धाकटा भाऊ एका घोंगडीखाली कुडकुडू लागलो. हकिमाने कोयनेलच्या पुड्या दिल्या. पाचव्या दिवशी आम्ही अंगणात लगोऱ्या खेळत होतो.

"लेकरायला शिवून पळाला बघा," काका म्हणाले, "मला तर लांबूनच मुजरा करील!"

आठवड्याच्या आत काका आडवे झाले. आधी खाट हलेल अशी थंडी, मग अंगाची भट्टी, डोळे पिवळेजर्द. हकीम धावत आला. कडकडणाऱ्या दातांतून काकांनी विचारलं, "उमर किती तुमची?"

"पस्तीस."

"मग ऱ्हाऊ द्या."

बाहेर येऊन हकिमाने वडिलांना सांगितलं, उद्यापर्यंत कोयनेल पोटात गेलं नाही तर काही खरं नाही. वडिलांनी काकांचे पाय धरले. पण तेही धाकटेच! आम्ही सगळे पार घाबरून गेलो.

शेवटी आईच उठली आणि शेजारच्या मळ्यातल्या म्हातारीला घेऊन आली.

"तुमी साठीचे, मी ऐंशीची," म्हातारी उशाशी बसत म्हणाली. "आमी हितली मानसं लहानपनापासून ह्या तापात मुरलोत. नव्यानं आलेल्यात लेकरं लवकर उठत्यात, थोर मानसालाच त्यो लई लोळवतो. कावून, ते देवाला ठाव. गिळा आता."

काकांनी पडल्या पडल्या तिला हात जोडले आणि मुकाट्याने पुडी गिळली.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांना दरदरून घाम फुटला आणि अंग गार पडलं. आमच्या जिवात जीव आला. दाराआड आईला हुंदका आवरेना. धाकट्या भावाच्या बायकोशी थोरल्याने बोलू नये ही रीत काकांनी बारा वर्षं पाळली होती. ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "रडू नको, पोरी. हाय मी अजून."

त्यानंतर नऊ वर्षं त्यांनी आमच्यावर थोरलेपणा गाजवला आणि आम्ही तो हौसेने सोसला. ते गेले तेव्हाही आई दाराआडच उभी होती. रडू नको म्हणायला या वेळी कुणी नव्हतं.