तिरका बसलेला वकील

सर्व संबंधितांना, म्हणजे इतिहासाचे अभ्यासक, चित्रकलेचे जाणकार आणि लग्नाळू मुलांचे पालक यांना, अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की लखनौच्या मानक नगरमधल्या एका रेल्वे क्वार्टरच्या भिंतीवर नव्वदच्या दशकात जो इसम गादीवर बसलेला होता, तो तिरका का बसला होता, या प्रश्नाचा निकाल लागलेला आहे. पुढचा मजकूर शक्यतो उभं राहून वाचावा. बसायचंच असेल तर सरळ बसावं.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. सातारा सोडून बँकेच्या नोकरीसाठी लखनौला आलेलो, इंदिरा नगरात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो. मराठी मंडळाच्या गणपतीत नाटक बसवलं होतं. त्यात मी सरदार होतो आणि मंडळातलीच एक मुलगी प्रॉम्प्टर. मी वाक्यं विसरायचो, ती विंगेतून सांगायची. तिचा जन्म लखनौचा. मराठी सगळं कळायचं, वाचताही यायचं, पण स्वतःचं बोलणं हिंदीत. तालमींच्या तिसऱ्या आठवड्यात मी मुद्दाम विसरायला लागलो. तिनं ते ओळखलं आणि म्हणाली, "इतना भूलोगे तो पापा के सामने क्या बोलोगे?" अशा रीतीनं आमचं ठरलं.

आता फक्त पापांचं ठरायचं होतं. ते रेल्वेत इंजिनियर होते आणि त्यांच्या दिवाणखान्यात एक चित्र होतं, नखासच्या रविवारच्या जुन्या बाजारातून आणलेलं. चित्रात एक लठ्ठ गृहस्थ, डोक्यावर पगडी, गळ्यात मोत्यांची माळ, गादीवर एका बाजूला कलून बसलेले. पगडी पाहून पापांची खात्री पटली होती की हा नवाबाच्या दरबारातला पेशव्यांचा वकील आहे. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, राजदूत. लखनौत राहणाऱ्या मराठी माणसाला कुठेही पगडी दिसली की तो तिला पुण्याला पोचवूनच येतो.

पापांचं म्हणणं असं की माणूस कसा आहे ते तो चित्र कसं पाहतो यावरून कळतं. आधीची दोन स्थळं त्या चित्रापुढेच गारद झाली होती. एक जण "छान आहे" म्हणाला. दुसऱ्यानं विचारलं, "हे तुमचे आजोबा का?"

"और सुनो," ती मला म्हणाली, "वो टेढ़े क्यों बैठे हैं, ये ज़रूर पूछेंगे. चुप मत रहना, हाँ." आणि तिनं चित्राचा एक फोटो माझ्या हातात ठेवला.

तो फोटो घेऊन मी आमच्या बँकेतल्या हेड कॅशियरसाहेबांकडे गेलो. ते चौक या जुन्या लखनवी मोहल्ल्यातले रहिवासी, निवृत्तीला आलेले. त्यांनी आधी चष्मा पुसला, मग फोटोला चक्क आदाब केला.

"साहब, तस्वीर से पहली मुलाक़ात में मतलब नहीं पूछते," ते म्हणाले. "पहले देखिए किस हाथ ने बनाई. फिर देखिए किस ज़माने में. फिर ये कि उस ज़माने में लोग उठते-बैठते कैसे थे."

पुढचे आठ दिवस डबा खाताना त्यांनी मला शिकवलं. नवाबांच्या पदरी विलायती चित्रकार आले, त्यांच्याकडून इथल्या कारागिरांनी सावली उचलली. म्हणून हनुवटीखाली काळोख दिसला की ती विलायती हवा समजायची. मोती मात्र घरच्या उस्तादाचे, एकेक थेंबासारखा ठेवलेला. अंगरख्याचा बंद कुठल्या बाजूला आहे, हुक्क्याची नळी कुणाकडे वळली आहे, सगळ्याला अर्थ. मी वहीत लिहून घेत होतो.

"और ये टेढ़े क्यों बैठे हैं?" शेवटच्या दिवशी मी विचारलं.

कॅशियरसाहेबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. त्यांच्या मिशा किंचित हलल्या. "ये साहब तकलीफ़ में हैं," ते म्हणाले. "इससे ज़्यादा पूछना बे-अदबी होगी." आणि फोटो पालथा घालून त्यांनी डबा बंद केला.

रविवारी सकाळी मी मानक नगरला हजर झालो. तिच्या आईनं, म्हणजे काकूंनी, खस्ता कचोरी आणि बटाट्याची भाजी पुढे ठेवली. मी पहिला घास घेतो न घेतो तोच पापा, म्हणजे माझे काका, हातात फूटपट्टी घेऊन चित्राशेजारी जाऊन उभे राहिले. ती आतल्या दाराच्या पडद्याला धरून उभी होती, विंगेतल्यासारखीच.

"बोला," काका म्हणाले.

मी बोललो. हनुवटीखालचा काळोख सांगितला, थेंबासारखे मोती सांगितले, चेहरा एका हाताचा आणि दागिने दुसऱ्या हाताचे असं ठासून सांगितलं. काकांची फूटपट्टी खाली आली. मी जवळ जाऊन चित्रावर टिचकी मारली तर टण्ण वाजलं.

"पत्रा आहे," काका म्हणाले. "लखनौची वाळवी बघता शहाण्या चित्रकारानं कशावर काढावं?"

"पत्र्यावरच," मी म्हणालो. पडद्याआडून सुटकेचा श्वास ऐकू आला.

"बरं. मी कोनमापक लावून पाहिलंय. हा साडेअकरा अंश कललेला आहे. का?"

"नजाकत," मी म्हणालो. "इथली संस्कृती, काका. ताठ बसायचं ते शिपायांनी. खानदानी माणूस लोडाला रेलतो."

"लोड उजवीकडे आहे. हा कललाय डावीकडे. आणि चेहरा बघा. नजाकतीत माणूस दातओठ खातो?"

खरोखरच वकील दातओठ खात होता. मी संस्कृती सोडली आणि इतिहासाकडे धावलो. म्हणालो, हे पानिपताचं दुःख आहे. लढाईची बातमी आत्ताच आलीय, अर्धं शरीर कोसळलंय, अर्धं दरबाराच्या रिवाजासाठी सावरून धरलंय. मला स्वतःलाच भरून आलं. काकूंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, त्यांनाही.

"नवाबाची राजधानी तेव्हा फैजाबादला होती," काका म्हणाले. "मग हा लखनौत कशाला रडतोय?"

"बाजाराला आला असेल," मी म्हणालो.

पडदा हलला. पडद्याआडून दबक्या आवाजात प्रॉम्प्टिंग आलं, "पेंटर बोलो, पेंटर."

"किंवा चित्रकारामुळे," मी घाईनं म्हणालो. "विलायती पद्धतीत तासन्‌तास बसवून ठेवायचे. बिचाऱ्याचा पाय झोपला असेल."

"मग मांडी बदलेल की. साडेअकरा अंशांत कशाला अडकेल?" काकांनी फूटपट्टी वकिलाच्या कानाशी नेली. आता ते आपलं उत्तर सांगणार होते, आणि ते ऐकायला मिळणं हा मान फार थोड्यांना मिळाला होता. "ऐकतोय तो. डावीकडे नवाबाचा खलबतखाना आहे. शत्रूच्या घरात बसून मराठ्यांचा वकील भिंतीला कान लावून ऐकतोय, आणि राग आवरतोय, म्हणून दातओठ. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी बावीस पानं लिहिली आहेत."

इथे मी "वा" म्हणायचं होतं. पडद्यातून दोनदा "वा" आलंही. पण वहीत आठ दिवस टिपणं काढलेला माणूस शुद्धीवर नसतो.

"काका," मी म्हणालो, "कान तर पगडीखाली झाकलाय."

फूटपट्टी टेबलावर गेली. काका खुर्चीत बसले, चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला. मग अतिशय गोड आवाजात म्हणाले, "बँकेची नोकरी उत्तम. घरी सगळे बरे असतात ना? ठीक आहे. कळवतो."

मुलगी पाहायला गेलेल्या मराठी माणसाला "कळवतो" या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मी उठलो. पडदा पूर्ण उघडला होता आणि ती बापाकडे पाहत होती. तिला पुढचं वाक्य सांगायला मात्र विंगेत कुणी नव्हतं.

तेवढ्यात काकूंनी हातातली खस्त्याची ताटली दाणकन टेबलावर ठेवली.

"कळवता काय, मीच कळवते," त्या म्हणाल्या. "अहो, ती मूळव्याधीच्या वैद्याची पाटी आहे, मळ पुसल्यावर खाली 'बवासीर का शर्तिया इलाज' निघालं, तुमचा उत्साह बघून मीच फ्रेमवाल्याला सांगून ती ओळ पट्टीखाली झाकून घेतली, आणि मुलगा मला पसंत आहे."