उघड्या डोळ्यांचं ध्यान

ड्रायव्हरकाकांना आडवं पडून डोळे मिटता येत, बसून येत नसत. जन्मभर शहरात बस चालवलेल्या माणसाची ती खोडच होती. पाठ टेकवून ताठ बसलं की पापण्या खाली यायचं नाव काढत नसत. केस कापायला गेले, तरी समोरच्या आरशातून मागचा रस्ता न्याहाळत बसायचे.

अशा माणसाला लेकीने ऑनलाइन ध्यानवर्गात बसवलं. निवृत्त झाल्यापासून काकांचा रक्तदाब आणि बायकोचा पारा एकदमच चढायला लागले होते. "मीही असणार आहे, बाबा. मलाही रात्रीची झोप लागत नाही. रोज सकाळी अर्धा तास," लेक म्हणाली आणि काकांनी पुढचं काही ऐकलंच नाही. लेक दूरच्या शहरात नोकरीला. फोन केला की "मीटिंगमध्ये आहे, नंतर करते," आणि ते 'नंतर' काही उगवत नसे. तीच आता रोज अर्धा तास समोर बसणार होती.

वर्ग घेणाऱ्या ताई हळू आवाजात म्हणायच्या, "डोळे अलगद मिटा." पडद्यावरच्या सगळ्या चौकोनांतले डोळे मिटत आणि काका लेकीला बघत बसत. केस कापलेले दिसताहेत. गालफडं बसलीत. मागच्या भिंतीला ओल आलीय, घरमालकाला सांगायला हवं. मध्येच कोणी पेंगून पुढे कलंडलं की काकांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा.

"लागली का समाधी?" बायको स्वयंपाकघरातून विचारायची.

"लागतेय हळूहळू. तिच्या भिंतीला ओल आलीय, बघितलंस का?"

"अहो, समाधीतून उठलेला माणूस ओल मोजत नाही."

शनिवारी वर्ग संपता संपता हेडबाईंनी हात वर केला. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटली होती, पण वर्गावरची नजर सुटली नव्हती.

"ताई, तक्रार करायची नाही मला, पण एक जण रोज डोळे टक्क उघडे ठेवून बसतात. मी नाव घेत नाही. खालची रांग, मिशीवाले."

"पण बाई, तुम्हाला ते दिसलं कसं?" एका टक्कलवाल्या गृहस्थांनी विचारलं.

हेडबाई चष्मा पुसायला लागल्या. चौकोनाचौकोनांतून हसू फुटलं. ताईही हसल्या, पण नियम त्यांनीच घातलेला.

"काका, जमत नसेल तर संध्याकाळी नवशिक्यांचा वर्ग असतो. तिकडे बसाल का थोडे दिवस?"

संध्याकाळी लेक ऑफिसात. म्हणजे हा अर्धा तासही गेलाच. उद्यापासून मिटतो म्हणून सांगावं, असं क्षणभर जिभेवर आलं. पण समोर लेक होती.

"ताई, मला ध्यान इथेही जमायचं नाही आणि तिथेही नाही," ते म्हणाले. "मी लेकीला बघायला येतो. एरवी ती हाती लागत नाही."

मग लेकीचा माईक उघडला.

"ताई, लहानपणी शाळा सुटली की मी बाबांच्या बसमध्ये बसायचे, त्यांच्या मागच्याच सीटवर. पुढे त्यांचं डोकं दिसलं की दुसरं वळण यायच्या आत मी गाढ झोपलेली असायचे. त्यांचे डोळे उघडे असले तर बिघडतं कुठे?"

ताईंनी उसासा टाकला. "खरं सांगू का? मीसुद्धा कित्येक दिवसांत धड डोळे मिटलेले नाहीत. कोण उशिरा आलं, कोणाचा माईक चालू राहिला, कोणाकडे मिक्सर लागला, सारखं बघावं लागतं."

"मग ही ड्यूटी त्यांनाच द्या की," हेडबाई फणकारल्या. "नाहीतरी जागेच असतात. माझीही सुटका होईल."

त्या संध्याकाळी कोणाला आत कसं घ्यायचं, आवाज कसा बंद करायचा, हे सगळं लेकीने बाबांना फोनवर शिकवलं. शिकवणी लवकर आटोपली, तरी फोन मात्र बराच वेळ चालला.

रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले. "चला, आत सरका. माईक बंद करा. टक्कलसाहेब, कॅमेरा खाली घ्या, नुसता उजेड दिसतोय." हसणं ओसरलं आणि सगळ्यांचे डोळे मिटले. ताईंचे सगळ्यात आधी. हेडबाईंचेही, आणि या वेळी खरोखर. कुठेतरी मिक्सर घरघरला, काकांनी तो जागच्या जागी गप्प केला.

अर्ध्या वाटेवर लेकीची मान खांद्यावर कलली. तोंड किंचित उघडं. झोपली होती.

वेळ संपली. घंटा वाजवायच्या ऐवजी काकांनी अगदी हळू घसा खाकरला. एकेकाने डोळे उघडले आणि तो चौकोन पाहिला. ताईंनी ओठांवर बोट ठेवलं. नुसते हात हलवून सगळे निघून गेले. हेडबाई जाताना काकांकडे बघून चक्क हसल्या. पडद्यावर दोनच चौकोन उरले. वर्ग बंद करायचं बटण काकांच्या हाताशी होतं. त्यांनी हात मांडीवर ठेवला.

"संपलं ना? चहा निवतोय," बायको पदराला हात पुसत आली आणि पडद्यापाशी थबकली.

"उठवू नका हो तिला," ती कुजबुजली.

"मी कशाला उठवतोय?"

ती आत गेली, दोन्ही कप घेऊन बाहेर आली आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली.