नवरंगाचा फोटो

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि तो रोज माझ्यासमोर बसून चहा पितो. आज तुम्हाला सांगते, पण मधे बोलू नका. समजूत तर मुळीच घालू नका, माझं डोकं फिरतं.

बुलढाण्यात आमच्या घराजवळ एक बाग आहे. तिथे आम्ही काही जण पहाटे दुर्बिणी घेऊन जमतो. पक्षीमित्र म्हणे! कसले डोंबलाचे मित्र? ज्याची लेन्स लांब, त्याची मान ताठ. आणि त्यातली सगळ्यांत शहाणी कोण? मीच. शाळेत विज्ञान शिकवते ना — दुसऱ्याला नियम सांगायची खोडच आहे. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढायचं नाही, हा नियम माझाच. एका नवख्या बाईला त्यावरून मी सगळ्यांदेखत इतकं झापलं की ती पुन्हा आलीच नाही.

चार-पाच वर्षं झाली असतील. मे महिन्यात नवरंग आला. दक्षिणेकडून वर जाताना एखादा आमच्याकडे थांबतो — दमलेला. मेंदीच्या कुंपणाखाली पाचोळा उलटून किडे खातो, अंगात ताकद आली की पुढे निघतो. हिरवी पाठ, निळे पंख, शेपटीखाली लालभडक. बाकी सगळ्यांना फोटो मिळाला. मला? नुसती शेपटी. हसू नका — जळत होते मी. माझ्याकडे शिकलेल्यांनी मला फोटो दाखवावेत?

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी गेले. काऊन गेले असेन, सांगा. कुंपणासमोर वाटेवर बसले, मोबाइल काढला आणि — हो, वाजवली त्याची शीळ. बिचाऱ्याला वाटलं, आपल्या जागेत दुसरा नवरंग घुसला. तरातरा उघड्यावर आला आणि मान ताणून ओरडायला लागला. फोटो मिळाला. सुंदर मिळाला! तिथे तरी थांबायचं की नाही? नाही. बाईंना उजेड आणखी चांगला हवा होता. पुन्हा वाजवली. पुन्हा आला, पार वाटेच्या मधोमध. आणि मनीने झडप घातली.

मनी म्हणजे शेवंताकाकूंची मांजर. काकू बागेसमोरच्या खोलीत एकट्या राहायच्या आणि मनी त्यांच्या मागेमागे बागेत यायची. मंडळी जमली, पिसं पाहिली, एकच गलका झाला. कोणीतरी विचारलं, नवरंग एवढा उघड्यावर आलाच कसा? बरोबर प्रश्न होता. उत्तर माझ्या पर्समध्ये होतं. आणि मी काय म्हणाले? "काकू इथे रोज दूध ठेवतात, मग दुसरं काय होणार?" हे मी म्हणाले. दुसऱ्या कोणी नाही, मीच.

मांजर लांब सोडायचं ठरलं. ती कोणाच्या हाती लागेना, म्हणून काकूंनीच चुचकारून तिला पोत्यात घातलं. पोतं मोटरसायकलवर देऊळघाटच्या पुढे गेलं, आणि आम्ही दयाळू लोक चहाच्या टपरीवर गेलो. मीही गेले. प्यायलेसुद्धा.

तुम्हाला वाटेल, झालं, हेच ते. नाही. हे तरी मी कसंबसं पचवलं असतं.

पुढच्या आठवड्यात काकू घरी आल्या. आत या म्हटलं तरी दारातच उभ्या. "मॅडम, माह्या मनीनं मारलं त्या पाखराले मी पाह्यलंच नोतं. तुमच्यापाशी फोटू हाय म्हन्तात. दाखवता काय?"

दाखवला मी. तोच — शीळ ऐकून धावत आलेला. काकूंनी मोबाइल डोळ्यांशी धरला, लय वेळ पाहत राहिल्या. "किती साजरं होतं वं माय!" म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. मग हात जोडले. "मले माफ करजा मॅडम. मी दूध ठेवाले नोतं पाह्यजे."

तोंड उघडायचं होतं फक्त. एवढंच! आणि मी उघडलंही. आवाज मऊ केला, वर्गात रडणाऱ्या मुलीशी बोलताना करते तसा, आणि म्हणाले, "जाऊ द्या काकू. मी माफ केलं तुम्हाला."