गजाभाऊंनी पाळलेला नेम

गजाभाऊ संगणकावर खेळत तेव्हा मोठ्याने बोलत. बोईसरच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर आमची दारे समोरासमोर. सकाळी मी देवांना स्नान घालीत असता त्यांच्या बैठकीतून शब्द येत : "छत्री... कंदील... कात्री." मध्ये कधी कधी एवढा विराम पडे की माझे गंध उगाळून होई, आणि मग एकदम समाधानाने उच्चारलेले, "अडकित्ता." मला त्याचा राग येई. या गृहस्थाला मी ओळखतो असे मला वाटत असे, आणि तो राग त्या ओळखीतूनच येत होता.

खेळ साधा होता. पडद्यावर एखादी खच्चून भरलेली खोली चितारलेली असे. भिंतीवरच्या वेलबुट्टीत सुरी दडलेली, पडद्याच्या चुणीत चमचा, मांजराच्या शेपटीआड किल्ली. खाली वस्तूंची इंग्रजी यादी. त्या वस्तू एकेक करून शोधायच्या आणि त्यांवर बाण नेऊन बटण दाबायचे. गजाभाऊ यादीतला इंग्रजी शब्द वाचत, त्याचे आपल्या भाषेतले नाव मोठ्याने घेत आणि मगच बटण दाबत. नाव घेतल्यावाचून त्यांचे बोट खाली आलेले मी पाहिले नाही. कंटाळा आला की ते दुसरा खेळ लावत. त्यात रंगीत खड्यांची मांडणी असे, तीन सारखे खडे एका ओळीत आणले की ते फुटून नाहीसे होत. ते सारे उजव्या हाताने, आजारपणात दुबळ्या झालेल्या त्या हाताला व्यायाम व्हावा म्हणून. या दुसऱ्या खेळाला ते 'गोट्या' म्हणत. "गुरुजी, बसा दोन मिन्टं. एवढ्या गोट्या फोडून चा घेऊ."

मूळचे ते उमरोळीचे. तारापूरच्या एका कारखान्यात तीस वर्षे भांडारपाल होते. मी पालघरच्या शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालो, पौरोहित्य आधीपासूनच करीत होतो. आमच्या दोघांच्या आयुष्यात समान असे एकच होते, आम्ही दोघेही नावे सांभाळीत आलो होतो. त्यांच्या भांडारात हजारो लहानमोठ्या वस्तू होत्या आणि प्रत्येकीची जागा त्यांना पाठ होती. मी दरवर्षी दसऱ्याला तिथे पूजेला जात असे. एका वर्षी ऐन पूजेत वीज गेली, आणि नेमका त्याच वेळी एक कामगार धावत आला, वाफेच्या नळाची चकती फुटली होती. गजाभाऊ अंधारात आत गेले आणि चकती घेऊन परतले. मी आश्चर्य बोलून दाखवले तर म्हणाले, "वस्तू हरवत नाय, गुरुजी. तिला तिच्या नावानं हाक मारली पायजे. ए पाना, ए ढिबरी म्हटलं की ती ओ देते. 'ते कुठाय, ते कुठाय' म्हटलं तर कोन ओ देईल?"

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, माघात, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. रुग्णालयात मी तीन दिवस त्यांच्या उशाशी बसून स्तोत्र म्हटले. चौथ्या दिवशी त्यांनी डोळे उघडून मला ओळखले. मंदावहिनींनी, त्यांच्या पत्नीने, त्याचे श्रेय माझ्या पाठाला दिले, आणि मी ते नाकारले नाही. मी मनात म्हटले होते की हे देवाचे देणे आहे. परंतु मनात म्हटले होते, ओठांवर आणले नव्हते, एवढे येथे नमूद केले पाहिजे. त्या दिवसापासून त्या घरात माझा शब्द कोणी मोडेनासे झाले.

त्यांची एकुलती एक मुलगी संगीता नाशिकहून येऊन दीड महिना राहिली. जाताना तिने आपला जुना संगणक बैठकीत मांडून ठेवला. चैत्र लागला तेव्हा गजाभाऊ काठी घेऊन जिन्यापर्यंत येत होते, थट्टाही करू लागले होते. बोलताना मध्येच अडखळत, "त्याला काय म्हनतात" असे म्हणत, पण ते वयाचे लक्षण असावे असे मी ठरवून टाकले.

संध्याकाळच्या आरतीला मात्र ते येईनासे झाले. मी एकदा विचारायला गेलो. पडद्यावर कसलेसे जुने स्वयंपाकघर होते आणि ते यादी वाचत होते.

"गजाभाऊ, सकाळपासून किती नावं घेतलीत?" मी म्हणालो.

"असतील शंभर."

"त्यात देवाचं एकही नाही."

ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "यादीत आलं की घेऊ. अजून आलं नाय."

मंदावहिनी आतून म्हणाल्या, "गुरुजींशी असं बोलतात का?" गजाभाऊ हसले. मी हसलो नाही. त्या उत्तराने मला जे लागले ते देवासाठी लागले असे मी तेव्हा मानले.

चातुर्मासात आपल्या आवडीचे काही सोडण्याची रीत आहे. कोणी वांगे सोडतो, कोणी चहातली साखर, कोणी पायांतली चप्पल. आमच्या वसाहतीतल्या मंदिरात आषाढी एकादशीला लोक माझ्याकडे येतात, मी त्यांच्या हातावर पाणी सोडून संकल्प सांगतो. कारखान्यांत नोकरीला आलेली घाटावरची, खानदेशातली कुटुंबे, मासवणकडच्या बाया, सगळेच येतात. त्या वर्षी मंदावहिनी गजाभाऊंना घेऊन आल्या. त्यांनी कारले सोडायचे ठरवले होते.

"कारलं तुम्हांला आवडतं कधी?" मी म्हणालो. "सोडायचं तर ते यंत्र सोडा. चार महिने."

रांगेतली माणसे हसली. गजाभाऊ हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि त्यांचे ओठ हलले. काही सांगायचे होते आणि सभोवती माणसे होती. मग त्यांनी दुबळा उजवा हात डाव्या हाताने उचलून माझ्यापुढे धरला. मी त्यावर पाणी सोडले.

तो नेम त्यांनी जसा पाळला तसा मी माझा एकही नेम पाळलेला नाही. संगणकावर त्यांनी पांढरे धोतर टाकले. रोज दोन वेळा मंदिरात येऊन ते खांबाला टेकून बसू लागले. श्रावणात त्यांचे बोलणे कमी झाले. भाद्रपदात ते मान हलवून, हात दाखवून भागवू लागले. मी हे पाहिले आणि मला आनंद झाला. गौरीविसर्जनानंतरच्या प्रवचनात मी त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणालो, "वाणीचा संयम कसा असतो ते पोथीत शोधू नका, त्या खांबापाशी पाहा." लोकांनी वळून हात जोडले. गजाभाऊंनीही गोंधळून हात जोडले.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मंदावहिनी माझ्या दारात आल्या. पदराचे टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"गुरुजी, ह्यांचं बोलनं फार कमी झालंय. काल मीठ पायजे व्हतं तर नुसते हात हालवत बसले. नेम जरा सैल केला तर चालेल काय?"

"वहिनी, हे उत्तम लक्षण आहे," मी म्हणालो. "मन आत वळलं की शब्द गळतात. आता निम्म्याहून जास्त वाट झाली. अर्ध्यात संकल्प मोडू नये."

"पन मीठ हो, गुरुजी..."

"मोडू नये," मी पुन्हा म्हणालो.

त्या गेल्या. मीठ मागता न येणारा माणूस संयम करीत नसतो, एवढे समजायला कोणत्याही शास्त्राची आवश्यकता नव्हती. त्या माउलीला ते समजले होते. मला समजले नाही, कारण मला ते समजून घ्यायचे नव्हते. मंदिरात उच्चारलेले वाक्य मला परत घ्यावे लागले असते.

दिवाळीला संगीता आली. फोनवर "बाबा बाहेर बसलेत", "बाबा देवळात गेलेत" असेच तिला ऐकायला मिळत होते. पाडव्याच्या सकाळी ती माझ्याकडे आली. लहानपणी माझ्याजवळ श्लोक शिकलेली ही मुलगी उंबऱ्याच्या आत आली नाही.

"काका, बाबांना मला हाक मारता येत नाहीये," ती म्हणाली. "नाव आठवत नाहीये माझं. त्यांना मी कोण ते कळतंय, फक्त नाव येत नाहीये."

मी बस म्हणालो. ती उभीच राहिली आणि तिने जे सांगितले ते असे. झटक्यानंतर गजाभाऊंच्या तोंडून वस्तूंची नावे गेली होती. वस्तू ओळखू येई, कशासाठी असते तेही कळे, नाव मात्र येत नसे. एका दुपारी सहज तिने हा खेळ लावला, आणि पडद्यावरची छत्री पाहता पाहता त्यांच्या तोंडून "छत्री" निघाले. दोघे बापलेक रडले. त्या दिवसापासून ते रोज यादी घेऊन बसत. वस्तू त्यांना क्षणात सापडे. ते थांबत असत ते नावासाठी.

"हे मला कोणी सांगितलं कसं नाही?" मी विचारले.

"बाबांनी शपथ घातली होती. भांडारात तीस वर्षं नावं सांगितलेला माणूस, काका. लाज वाटत होती त्यांना. तुमच्यासमोर तर फारच. तुमचा शब्द मोडायचा नाही म्हणून त्यांनी संगणक झाकून ठेवला. आई म्हणते, रोज सकाळी त्या धोतरावरून हात फिरवायचे."

मी त्याच पावली त्यांच्या घरी गेलो. माझ्या हाताने धोतर काढले आणि संकल्प पूर्ण झाला असे सांगितले. गजाभाऊंनी बोटांवर मोजले आणि नकारार्थी मान हलवली. दहा दिवस उरले होते. मी म्हणालो, "दोष लागला तर मला लागेल." तेव्हा कुठे ते बसले. यादीतला पहिला शब्द होता दिवा. दिवा त्यांना तत्काळ सापडला. बाण त्यावर थरथरत राहिला. बोट खाली येईना. मी त्यांच्या मागे उभा होतो, आणि सकाळच्या पूजेत मला राग आणणाऱ्या त्या विरामांचा अर्थ मला कळत होता.

येथे हे थांबले असते तर अज्ञानाने घडले असे म्हणून मी स्वतःला काही दिलासा दिला असता. परंतु कार्तिकी एकादशीला मंदिरात गजाभाऊंचा सत्कार व्हायचा होता. तो मीच आश्विनात सुचवला होता. चातुर्मास मौन पाळल्याबद्दल शाल आणि नारळ. संगीता म्हणाली, "काका, तिथे खरं काय ते तुम्ही सांगा." मी हो म्हणालो.

मंदिर भरले होते. मंडळाच्या अध्यक्षांनी मौनाचा महिमा सांगितला. शाल पांघरवली. गजाभाऊंच्या हातात नारळ ठेवला. त्यांनी त्या नारळाकडे पाहिले आणि ते पाहतच राहिले. शेंडीवरून अंगठा फिरवला, कानाशी नेऊन हलवला. ओठ जुळले, सुटले. एक बाई शेजारणीला म्हणाली, "बघ कसे तल्लीन झालेत." सगळ्या मंदिरात संगीता, मंदावहिनी आणि मी, आम्हा तिघांनाच ठाऊक होते की तो माणूस 'नारळ' हा शब्द शोधत आहे. शोधता शोधता त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले.

मी चार पावलांवर होतो. ध्वनिक्षेपक माझ्या हातात होता. मी आरतीला सुरुवात केली.

त्यानंतर मार्गशीर्षापासून मी रोज त्यांच्याकडे जाऊन बसू लागलो. ते शोधत, थांबत. सापडलेच नाही तर माझ्या मनगटाला बोट लावत, मग मी शब्द सांगे आणि ते तो घोळवून म्हणत. खेळात मदतीचे एक बटण असते, ते त्यांनी कधी दाबले नव्हते. त्यांचे ते बटण मी झालो. काही शब्द परतले, बरेचसे आले नाहीत. डॉक्टरांना विचारले, तेव्हा ते म्हणाले की खेळ थांबल्यामुळेच हे झाले की आणखी एखादा सौम्य झटका येऊन गेला, ते नेमके सांगता येणार नाही. हे वाक्य माझ्या सोयीचे आहे, म्हणून मी त्याचा आधार घेत नाही.

फाल्गुनात एके सकाळी पडद्यावर वाण्याचे दुकान आले. यादीत नारळ होता. मी तो त्यांच्या आधी वाचला. गजाभाऊंना तो गुळाच्या ढेपेमागे लगेच सापडला. बाण त्यावर स्थिर झाला. मी मनगट पुढे केले. त्यांनी माझा हात हलकेच बाजूला सारला. बराच वेळ गेला.

"नारळ," ते म्हणाले, पण बटण दाबले नाही. माझ्याकडे वळले. एकेक शब्द त्यांना कुठूनतरी उचलून आणावा लागत होता, कपाळावर घाम आला होता. "तवा... तुमी... सांगायला... पायजे व्हतं."

मी म्हणालो, "हो."

मग त्यांनी बटण दाबले आणि यादीतला पुढचा शब्द वाचायला घेतला.

चैत्रात पुन्हा झटका येऊन ते गेले. मला उद्देशून ते एवढे सलग पुन्हा बोलले नाहीत. त्या सत्काराचे छायाचित्र अजून मंदिराच्या कार्यालयात लावलेले आहे, खाली 'मौनव्रती' असे लिहिले आहे. येत्या आषाढी एकादशीला लोक संकल्पासाठी येतील तेव्हा, कोणाच्याही हातावर पाणी सोडण्याआधी, मी हे पान त्यांना वाचून दाखवणार आहे आणि त्या छायाचित्राखालचा शब्द माझ्या हाताने पुसणार आहे. हे लिहिले ते त्यासाठी. मागच्या वेळीही मी संगीताला हो म्हणालो होतो, हे मला आठवते.