'हुकूम माझा होता': जनरलसाहेबांच्या साठीनिमित्त

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला इथे अमेरिकेत, टकोमाजवळच्या एका लष्करी तळावर मला टायपिस्टची नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात मी घोळ घातला. मरण पावलेल्या एका सैनिकाच्या आईवडिलांना जनरलसाहेबांनी हाताने लिहिलेलं पत्र मी हौसेने सुबक टाइप केलं आणि मूळ कागद टाकून दिला. "मिसेस वानखेडे, ही पत्रं टाइप करायची नसतात," एवढंच ते म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांना मराठी वाचता येत नाही, म्हणून पुढचं मोकळेपणाने लिहिते.

साधे शिपाई म्हणून भरती झालेले साहेब दोन युद्धं पाहून जनरल झाले. दर दोन-तीन वर्षांनी बदली, त्यामुळे जुना शेजारी असा त्यांना कधी लाभलाच नाही. पुढे पत्नीही गेल्या.

एका हिवाळ्यात सरावाला निघालेला ट्रक बर्फावरून घसरला आणि एकोणीस वर्षांचा सैनिक गेला. त्याच्या आईला साहेबांनी लिहिलं, "रस्त्यावर बर्फ असूनही निघण्याचा हुकूम माझा होता." कायदा विभागाचे अधिकारी धावत आले. माझ्यासमोरच म्हणाले, "सर, एवढं एक वाक्य गाळा. प्रमोशन हातचं जाईल."

"ते गाळलं तर तिला सांगण्यासारखं उरतं काय?" साहेबांनी विचारलं.

पत्र तसंच गेलं. प्रमोशन आलं नाही. साहेब निवृत्त झाले. त्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. मात्र ऑफिसातल्या शेवटच्या दिवसापर्यंत रोज सकाळी टपाल आलं की मला विचारायचे, "तिचं काही आलं?" नाही म्हणताना माझ्या जिवावर यायचं.

माझ्या यजमानांची बायपास झाली, तेव्हा साहेब हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये दिवसभर माझ्या शेजारी बसून होते. धीराचे दोन शब्दसुद्धा बोलले नाहीत, पण उठलेही नाहीत. आमची मुलं त्यांना 'जनरलकाका' म्हणतात. इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत पार्किंगची व्यवस्था त्यांचीच. भर पावसात उभे राहून आपल्या बेशिस्त लोकांना ते ओळीत गाड्या लावायला लावतात! शेवटची गाडी गेली की रिकाम्या पार्किंगमध्ये एकटेच उभे असतात. "घरी जेवायला चला" म्हटलं की "पुन्हा कधीतरी." मला खरंच राग येतो त्यांचा. स्वतःला इतकी वर्षं शिक्षा करायची म्हणजे काय?

त्या मुलाच्या मृत्यूच्या दिवशी ते अजूनही दरवर्षी त्या आईला पत्र लिहितात. आजवर एकाचंही उत्तर आलेलं नाही. तिचं तरी काय चुकलं? पोटचा पोर गेला तिचा.

जनरलसाहेबांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्या माउलीलाही तितकंच लाभो. तिने क्षमा केली नाही तरी चालेल. पण रागाच्या का होईना, दोन ओळी तिने त्यांना लिहाव्यात.