टॉवर चालू कर

धरणगावच्या अलीकडे रुळांलगत आम्ही टॉवर उभा केला, तेव्हा लगतच्या खेड्याने त्याला नारळ फोडला. मी कपाळावर हात मारला. अहो, हा मोबाइलचा टॉवर नाही! यावरून रेल्वेच्या इंजिनाशी रेडिओने बोलणं होतं. ड्रायव्हर लाल सिग्नल ओलांडायला लागला तर ब्रेक आपोआप लागतो. घसा फोडून सांगितलं, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, "भाऊ, रेंज कधी येई?" गावात फोन लागायचा नाही. हळूहळू त्यांची खात्रीच झाली, की मी मुद्दाम बटण बंद ठेवतो.

त्या दुपारी मी टॉवरखाली एकटाच वायरी जोडत होतो. आमची जीप केबल आणायला स्टेशनवर गेली होती. कापसाच्या शेतातून एक धिप्पाड गडी ओरडत आला, "मनी मायले साप चावना! टॉवर चालू कर!"

"अरे बाबा, याच्यावर फोन..."

पुढचं तोंडातच राहिलं. त्याने माझी कॉलर धरली, थोबाडात दिली, माझाच लोखंडी पाना उचलून माझ्या खांद्यात हाणला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. "चालू कर, नही ते तुले मारी टाकसू!" मी पडलो, तर छातीवर बसला आणि ठोसे हाणत सुटला. कसाबसा कमरेचा वॉकीटॉकी काढून तोंडाशी नेला. मी पोलीस बोलावतोय असं त्याला वाटलं असणार. त्याने तो हिसकावला आणि रुळावर आपटला, पुन्हा पुन्हा, पार भुगा होईपर्यंत.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. रक्त थुंकत मी बोंबललो, "हरामखोरा, तुझ्या आईसाठी जीप बोलावत होतो रे त्याच्यावरून!"

त्याचा हात वरच राहिला. "जीप?"

मग तो उठला. मी मेलो का जिवंत तेही न बघता खडीतले तुकडे वेचायला लागला.

बऱ्याच वेळाने गावातून ट्रॅक्टर आला. म्हातारीने तोवर शेतातच जीव सोडला होता. लोक विचारतात, राग गेला का? कशाचा जातो! खांदा ठणकला की अजून शिव्याच येतात तोंडात. पण ट्रॅक्टर आला तेव्हाही तो रुळांत फतकल मारून बसला होता, आणि फुटक्या तुकड्यांना तोंड लावून ओरडत होता, "जीप धाडा भाऊ, मनी माय पडेल शे."