मधलं माणूस उठून गेल्यावर

बाळांनो, मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, तेव्हा हे तुमच्यासाठी इंग्रजीत लिहिणं मला सोपं होतं. पण यातली माणसं मराठीत बोलली आणि मराठीतच गप्प बसली, म्हणून मराठीत लिहिते आहे. तुम्हाला ते वाचता येत नाही. तुमची आई वाचून दाखवेल. यातलं बरंचसं तिच्याबद्दलच आहे, त्यामुळे ती मध्ये मध्ये थांबेल. तिला थांबू द्या.

हैदराबादला अंबरपेठेच्या घरात तेव्हा आम्ही चौघं होतो. तुमचे आजोबा, मी, तुमची आई आणि तुमच्या आजोबांचे वडील. त्यांना घरात सगळेच अप्पा म्हणत. ते कोर्टातल्या नोकरीतून निवृत्त झाले होते, सकाळी उर्दू वर्तमानपत्र वाचत आणि 'हो'ला 'हौ' म्हणत. अप्पा आणि तुमचे आजोबा एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. त्या घरात मुलाने वडिलांशी आपण होऊन बोलायचं नाही, असा रिवाज होता. अप्पाही आपल्या वडिलांशी बोलले नव्हते. तुमची आई तान्ही असताना अप्पा खोलीत आले की तुमचे आजोबा तिला पटकन माझ्याकडे देत, कारण वडिलांसमोर आपलं मूल मांडीवर घेणं उद्धटपणाचं मानत. सासूबाई होत्या तोवर दोघांमधले निरोप त्या पोचवत. त्या गेल्यावर ते काम तुमच्या आईकडे आलं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी विद्यापीठासाठी एक संशोधन हाती घेतलं. माणसं वर्गात, घरात आणि टीव्हीवर एकमेकांशी कशी बोलतात, हा विषय. मी एक छोटा टेपरेकॉर्डर घेतला आणि कॅसेटवर ठिकाण लिहून त्या ओळीने लावून ठेवू लागले. वर्गात एक गोष्ट सारखी सापडे. मुलीला शंका असली की ती मला न विचारता शेजारणीला कोपराने ढोसून तेलुगूत म्हणे, "नुव्वे अडुगु," म्हणजे तूच विचार. मग शेजारीण उठून विचारे, आणि मी उत्तरही तिलाच देई. घरची कॅसेट ऐकली तर तेच. सगळ्यांना सांगून मी जेवणाच्या वेळी टेप लावला होता. त्यात तुमचे आजोबा म्हणतात, "अप्पांना विचार, उद्या पेन्शनला जायचंय का?" अप्पा पलीकडच्याच पाटावर. तुमची आई म्हणते, "अप्पा, उद्या पेन्शनला जायचंय का?" अप्पा म्हणतात, "हौ. म्हणावं, रिक्षा लवकर बोलव."

कॅसेट ऐकून तुमची आई हसत सुटली. "आई, मी काय पोस्टमन आहे या घरात?"

"पोस्टमन नव्हे बेटा, पेशकार," अप्पा म्हणाले. "हुद्दा मोठा आहे." न्यायाधीशापुढे कागद ठेवणाऱ्याला कोर्टात पेशकार म्हणत. त्याच्याशिवाय कुणाचंच म्हणणं पुढे सरकत नसे.

"मग पगार?"

"रोज नानखटाई खातेस, ती कुठल्या खात्यातून येते?"

मी माझ्या निबंधात लिहिलं की, तिसऱ्याला मध्ये घालून बोलल्याने दोघांचाही मान राहतो आणि काम होतं. चर्चासत्रात त्याचं कौतुक झालं. मधलं माणूस उठून गेलं तर काय, हे मात्र तिथे कुणी विचारलं नाही.

तुमची आई अमीरपेठेत संगणकाचा कोर्स करून अमेरिकेला गेली. त्या वर्षांत आमच्या गल्लीतून घरटी एक मूल तसंच गेलं. ती गेल्यावर जेवताना फक्त ताटवाट्यांचा आवाज येई. आमच्याकडे तेव्हा नुकतंच केबल आलं होतं. दोघं टीव्हीसमोर बसत आणि काही दिवसांनी टीव्हीशीच बोलू लागले. अप्पा बातम्या देणाऱ्या बाईला म्हणत, "बाई, जरा हळू बोला, कान फुटतात." तुमचे आजोबा उठून आवाज कमी करत. मग तेही तिलाच सांगत, "उद्या नळाला पाणी येणार नाही म्हणे." अप्पा उठून आपली बादली भरून ठेवत. मला हसू येई. तुमच्या आईला फोनवर सांगितलं तर तीही हसली.

ती रविवारी सकाळी फोन करी. पुढे तिने घर बदललं, आणि काही रविवार फोन आला नाही. त्याच सुमारास अप्पांचं जेवण कमी झालं. अर्धी भाकरी ताटात राही. मी विचारलं की म्हणत, "भरलं पोट." अप्पा माझ्याशी बोलत असत, पण घास उतरत नाही असं सुनेला सांगणं म्हणजे तिच्या स्वयंपाकाला नाव ठेवणं, असा त्यांचा हिशेब. मुलाला तर सांगायची सोयच नव्हती. त्यांनी पेशकाराची वाट पाहिली.

अखेर एका रविवारी फोन वाजला. अप्पांनी आधी तिच्या नव्या घराची चौकशी केली, थंडीची केली. मग म्हणाले, "तुझ्या बाबांना सांग, घास गळ्याशी अडकतो. बरेच दिवस झाले. डॉक्टरला दाखवावं म्हणतो."

तुमचे आजोबा हातभर अंतरावर उभे होते. त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. अप्पांनी रिसीव्हर पुढे केला, त्यांनी तो घेतला, तिकडून तेच पुन्हा ऐकलं आणि म्हणाले, "अप्पांना विचार, कधीपासून?" आणि रिसीव्हर परत दिला. हैदराबादच्या एका खोलीतला प्रश्न अमेरिकेला जाऊन पुन्हा त्याच खोलीत आला. तुमची आई तिकडे रडत होती. तिचा आवाज फोनबाहेर येत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही अप्पांना नामपल्लीजवळच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की अन्ननलिकेत गाठ आहे आणि ती फार वाढली आहे. लवकर का नाही आलात, असं त्यांनी तुमच्या आजोबांना विचारलं. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं.

इस्पितळातल्या त्या दिवसांत मला एकच गोष्ट हवी होती. अप्पा जायच्या आत त्यांच्या मुलाने त्यांच्याशी बोलावं. अप्पांनाही तेच हवं असावं. तुमचे आजोबा खोलीत आले की ते डोळे उघडत. एका दुपारी तुमचे आजोबा स्टुलावर बसले होते. मला म्हणाले, "अप्पांना विचार, उशी उंच करू का?"

मी थर्मास उचलला. "मी चहा घेऊन येते," म्हटलं, आणि बाहेर येऊन दाराच्या पडद्यामागे उभी राहिले. एक नर्स आत जायला आली, तिला मी हातानेच थांबवलं.

मग आवाज आला. "अप्पा."

त्या माणसाबरोबर इतका संसार केला, पण ही हाक मी पहिल्यांदा ऐकली.

"हौ," अप्पा म्हणाले.

"उशी उंच करू?"

"कर."

खाटेचा आवाज झाला. मी वाट पाहत राहिले. पुढे कुणी बोललं नाही. चहा घेऊन मी आत गेले, तेव्हा अप्पा उंच उशीवर टेकून तुमच्या आजोबांकडे पाहत होते, आणि तुमचे आजोबा खिडकीकडे. मला पाहताच त्यांना सुटल्यासारखं झालं. म्हणाले, "अप्पांना विचार, चहा घेणार का?"

चहा अप्पांना उतरत नव्हता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

थोड्याच दिवसांत अप्पा गेले. तुमच्या आईला फोन लावला. तिचं रडणं ओसरल्यावर तिने विचारलं, "बाबा, तुमच्याशी काही बोलले का अप्पा?"

"'कर' म्हणाले."

"काय कर?"

तुमच्या आजोबांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. "तू सांग तिला," म्हणाले आणि बाहेर गेले.

आता आपण संगणकाच्या पडद्यावर एकमेकांना पाहतो. तुमचे आजोबा रविवारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तुमच्यासाठी बसतात आणि तुमच्या आईला म्हणतात, "त्यांना विचार, शाळा कशी चाललीय?" ती तुम्हाला विचारते. तुम्ही तिला सांगता, ती त्यांना सांगते. त्यांना इंग्रजी येतं. तुम्हाला मराठी कळतं.

या रविवारी तुमची आई तुम्हाला पडद्यासमोर बसवून चहा करायला उठेल. मी तिला तसं सांगून ठेवलं आहे. मीही इकडे स्वयंपाकघरात असेन. आजोबा बराच वेळ काही बोलणार नाहीत, इकडेतिकडे बघतील, मला हाक मारतील. मी येणार नाही. तुम्ही उठू नका.